आळशी वायू

माझं नाव तार्मो. आमच्या एस्टोनियन भाषेत त्याचा अर्थ जोम.
आईनं हौसेनं ठेवलं. तिला काय ठाऊक,
पोरगा जन्मभर एका आळशाला
काचांमध्ये कोंडून विकणार आहे.

आर्गॉन. ग्रीक लोकांत म्हणे या शब्दाचा अर्थच आळशी.
कुणाशी जुळत नाही, कुणाशी भांडत नाही,
न खायला काळ, न भुईला भार.
काचांमधल्या बोटभर फटीत नुसता पडून राहतो
आणि घरातली ऊब
त्याला ओलांडायचा कंटाळा करते.

यंदा नार्वात ज्याला त्याला तोच हवाय.
हीटिंगची बिलं आली
आणि सोसायट्यांच्या सभांत भराभर हात वर झाले.
कारखाना तीन पाळ्यांत चालतो
तरी माझी वही मेपर्यंत भरलेली.
गावाबाहेर राखेचे डोंगर आहेत,
आम्ही आजवर जे जाळलं त्याची बेरीज.
त्यांच्यावर आता बर्चची झाडं उगवलीत.

झिनाइदा पावलोव्हना, चौथा मजला, स्वयंपाकघर.
जुनी दुहेरी खिडकी, दोन चौकटींत वीतभर अंतर,
त्यात लोणी, अर्धा मासा,
ओल प्यायला मिठाचा पेला,
कापसाची वळकटी आणि तिच्यावर शोभेला
रानातली लाल फळं.
'माझा फ्रिज घेऊन चाललास,' ती म्हणाली.
माझी रशियन तोडकी, तिची एस्टोनियन त्याहून.

कडेच्या कागदी पट्ट्या मी पटाशीनं खरवडू लागलो.
वर्तमानपत्रं, साबणानं चिकटवलेली, थरावर थर:
गव्हाचं विक्रमी पीक,
बुद्धिबळाचा अर्धवट डाव,
आता कुठेच न चालणाऱ्या पैशांत बुटांची किंमत.
सगळ्या थरांची लिपी एक.
देश मात्र मध्येच कुठेतरी बदललेला,
नेमका कुठे ते साबणात बुडालेलं.
'गेनादी लावायचा. दर ऑक्टोबरात.
आमचं भांडण झालेलं असलं
की दुप्पट साबण.'

नवी काच आम्ही दोघांनी उचलली. तीन पदरी, जड.
चौकट बसली, फोम फुगला,
खालची बस दिसत होती आणि तिचा आवाज नव्हता.
तिनं तळहात टेकवला.
'गार नाही. मग बाहेर कुठे गेलं?'
'आहे तिथंच आहे. फक्त तुमच्याकडे येत नाही.'
'अजून एक,' ती म्हणाली.

मी घाईघाईनं विषय बदलला.
काचेच्या कडेची पट्टी दाखवली. तिच्या पोटात
बारीक दाणे असतात, ओल शोषणारे.
'तुमचं मीठ इथे आहे.'
हे तिला पटलं. चहा मिळाला.

नोव्हेंबरात पहाटे फोन.
'फसवलंस! काचेवर बर्फाची फुलं!'
तीन पदरी काच, दहा वर्षांची हमी. मी बूट चढवले.
'नखानं काढून बघा,' मी म्हणालो.
'निघत नाही.'
'कारण ती बाहेरच्या अंगाला आहेत.
तुमची ऊब आता गळत नाही,
म्हणून बाहेरची काच उपाशी राहते आणि गोठते.
याचा अर्थ खिडकी चांगली आहे.'

ती बराच वेळ बघत राहिली.
'पूर्वीची माझी होती,' म्हणाली.
'माझ्या सूपाची वाफ, आमचे श्वास.
गेनादी घोरायचा त्या रात्री तर अख्खं रान फुलायचं.
ही कुणाची?'
'नदीची,' मी म्हणालो. दुसरं काय सांगणार.

फॉर्मवर लिहिलं, तक्रार: फुलं, बाहेरून.
उपाय या रकान्यात काही सुचेना.

खाली येऊन वर पाहिलं.
चौथ्या मजल्यावर तिचं बोट आतून फिरत होतं
एका पाकळीच्या कडेकडेनं, सावकाश,
हाती न लागणारं काही गिरवत.
माझ्या व्हॅनच्या काचेवरही नदी बसली होती.
ती मी बँकेच्या कार्डानं खरवडली.